रस्ता, वीज, पाणी आणि इंटरनेट: ही खाती एकाच मंत्र्याकडे असावीत का?

बांधावरची (धागाकर्ती)

नमस्कार. पश्चिम महाराष्ट्रातील आमच्या गावाला मुख्य रस्त्याशी जोडणारा साडेतीन किलोमीटरचा रस्ता दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात डांबरी झाला. लहानपणापासून चिखल तुडवत शाळेत गेलेल्या आमच्या पिढीला त्याचे किती अप्रूप होते, हे शब्दांत सांगणे अवघड आहे. पावसाळा संपल्यावर नळयोजनेची वाहिनी टाकण्यासाठी त्याच रस्त्याच्या डाव्या साईडपट्टीत चर खणला गेला. संक्रांतीच्या सुमारास ग्रामपंचायतीपर्यंत इंटरनेटची केबल नेण्यासाठी तो पुन्हा खणला गेला, आणि होळीनंतर विजेचे खांब सरकवण्यासाठी तिसऱ्यांदा यंत्र आले.

त्या तिसऱ्या खोदाईच्या दिवशी दुपारी मी चराच्या काठावर उभी होते. निळ्या रेघांचा काळा पाइप फुटून खड्डा गढूळ पाण्याने भरला होता, आणि त्या पाण्यावर नारिंगी डक्टचे तुटलेले टोक तरंगत होते. त्यातून केसांइतके बारीक तंतू बाहेर आले होते. यंत्राचा चालक खाली उतरून बराच वेळ नुसता बघत राहिला. त्याची चूक म्हणावी तर खाली काय आहे हे त्याला कोणीच सांगितले नव्हते. चार दिवस नळाला पाणी नव्हते, आणि सेवा केंद्र बंद पडल्यामुळे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला आलेल्या मुली तालुक्याच्या गावी फेऱ्या मारत राहिल्या.

माहितीच्या अधिकारात मी तिन्ही कामांचे कागद मागवले. तिन्ही कामांना रीतसर परवानगी होती. प्रत्येक खात्याने आपापले काम नियमाप्रमाणेच केले होते, आणि तरीही गावाच्या वाट्याला उखडलेला रस्ता आला.

आपल्या राज्यात डिसेंबर २०२४ मध्ये झालेले खातेवाटप पाहिले, तर सार्वजनिक बांधकाम शिवेंद्रसिंहराजे भोसले यांच्याकडे, त्याच खात्यातील सार्वजनिक उपक्रम एकनाथ शिंदे यांच्याकडे, पाणीपुरवठा व स्वच्छता गुलाबराव पाटील यांच्याकडे, ऊर्जा मुख्यमंत्र्यांकडे, अपारंपरिक ऊर्जा अतुल सावे यांच्याकडे आणि माहिती तंत्रज्ञान आशिष शेलार यांच्याकडे गेले. मला कोणा एका व्यक्तीवर टीका करायची नाही. माझा प्रश्न रचनेविषयी आहे. रस्ते, वीज, पाणी आणि डिजिटल सुविधा या चारही गोष्टी एकाच मंत्र्याच्या अखत्यारीत असत्या, तर आमचा रस्ता वाचला असता का? जाणकारांनी आणि अनुभवी सदस्यांनी कृपया लिहावे.

निवृत्त_उपअभियंता

ताई, तुम्ही चराच्या काठावर जे पाहिले ते मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

रस्त्याचे काम पूर्ण झाल्यावर काही वर्षांचा दोषदायित्व कालावधी असतो. त्या काळात खड्डे पडले तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. साईडपट्टी दुसऱ्या खात्याने खणली की ठेकेदार लेखी कळवतो की आता जबाबदारी माझी नाही, आणि त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नसते. खणणारे खाते पुनर्भरणीची रक्कम भरते, पण ती रक्कम शासनाच्या खात्यात जमा होते. ती पुन्हा त्याच रस्त्यावर खर्च व्हायची तर नवे अंदाजपत्रक, नवी मान्यता आणि नवा कार्यादेश लागतो. या मधल्या काळात एक पावसाळा निघून जातो आणि चरात भरलेली माती खचते. तिथे पाणी मुरले की डांबराची कड तुटू लागते. तुमच्या रस्त्याचे नुकसान खोदाईपेक्षा या दिरंगाईने जास्त केले असावे, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

दुसरी गोष्ट खोलीची. ग्रामपंचायतींना जोडणारी केबल साधारण १.६५ मीटर खोल असावी असा मूळ दंडक आहे. खडक लागला तर खोली कमी करून वरून संरक्षण देतात. विजेचा आठ मीटरचा खांब लांबीच्या सहाव्या हिश्श्याइतका गाडतात, म्हणजे खड्डा सव्वा ते दीड मीटरचा. या खड्ड्यात केबल सापडली याचा अर्थ ती मुळात उथळ टाकली गेली होती. चर बुजवण्यापूर्वी पट्टी लावून खोली मोजायची असते आणि मोजमाप पुस्तिकेत नोंदवायची असते. ती नोंद कोणी केली, हे कागदांत पाहा. मंत्री एक असो वा पाच, ही पट्टी धरणारा माणूस जागेवर हवा.

घटना_वाचक

प्रश्न रचनेचा आहे म्हणून रचनेविषयीच लिहितो. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्यांतील विषयवाटपाच्या सूचींत, या चार गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. पाणी राज्यसूचीत १७ व्या नोंदीत आहे आणि रस्ते त्याच सूचीत १३ व्या नोंदीत आहेत, पण राष्ट्रीय महामार्ग संघसूचीत २३ व्या नोंदीत आहेत. वीज समवर्ती सूचीत ३८ व्या नोंदीत येते, आणि दूरसंचार संपूर्णपणे संघसूचीत, ३१ व्या नोंदीत. त्यामुळे राज्यातील माहिती तंत्रज्ञान मंत्र्याकडे ‘डिजिटल विकास’ असला, तरी तुमच्या गावी तुटलेली केबल मूळ केंद्राच्या योजनेतील असते. २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे म्हणून मंजूर झालेल्या या योजनेलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. महाराष्ट्राने दुसऱ्या टप्प्यात महानेट या नावाने राज्याच्या महामंडळामार्फत काम हाती घेतले, हे खरे. तरीही केबल कोणाच्या जमिनीतून कशी जाईल याचे मूळ नियम केंद्रच करते. दूरसंचार अधिनियम २०२३ खालील मार्गहक्काचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले, ते दिल्लीहूनच आले.

मुंबईत एकच मंत्री नेमला तरी त्याच्या हाती साडेतीन खातीच येतील.

आता खाती कोण ठरवते? अनुच्छेद १६६ खाली राज्यपाल कार्यनियमावली करतात आणि मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने कामकाजाचे वाटप होते. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर मर्यादित केली, म्हणून २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त ४३ मंत्री असू शकतात. संख्येला मर्यादा घातली, पण एक खाते किती तुकड्यांत विभागावे याला कोणतीही मर्यादा नाही. आघाडीच्या सरकारांत सहभागी पक्षांना समाधानकारक वाटा द्यायचा असतो, आणि खात्यांच्या सीमा या गरजेतून आखल्या जातात. त्या आखताना रस्त्याखालच्या पाइपचा विचार झालेला नसतो. धागाकर्तीची मूळ वेदना इथे आहे, असे मला वाटते.

सुपारीची_बाग

मी दापोली तालुक्यातील. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि आमच्या भागालाही त्याने झोडपले. या चार गोष्टी एकमेकींना किती घट्ट बांधलेल्या आहेत, हे मला त्या दिवसांत कळले.

वादळ शांत झाल्यावर पहिल्या संध्याकाळी वीज नव्हती, हे अपेक्षितच होते. दुसऱ्या दिवशी टाकीतले पाणी संपले, कारण नळयोजनेचा पंप विजेवर. नंतर फोनची रेंजही गेली, कारण मनोऱ्याची बॅटरी उतरली आणि जनरेटरला डिझेल नेणारी गाडी पडलेल्या आंब्यांच्या आणि सुपारींच्या झाडांमुळे येऊ शकत नव्हती. विजेचे खांब आणणारा ट्रकही त्याच झाडांपलीकडे अडकला होता. रस्ता मोकळा होईपर्यंत वीज नाही, आणि वीज येईपर्यंत पाणी नाही, फोन नाही. पुण्यातील माझ्या बहिणीला आम्ही सुखरूप आहोत हे कळायला कित्येक दिवस लागले. माझे वडील रोज सकाळी घराच्या मागच्या टेकडीवर फोन हातात धरून चढत, आणि एखादी रेघ दिसते का ते पाहून उतरत.

त्या काळात मात्र एक गोष्ट नीट चालली. गावात येणारा माणूस कोणत्याही खात्याचा असला, तरी सूचना जिल्हाधिकाऱ्यांकडून येत होत्या. आधी कोणता रस्ता मोकळा करायचा आणि कोणत्या पंपाला आधी वीज द्यायची, हे एका ठिकाणी ठरत होते. संकटात जे जमते ते एरवी का जमू नये, असे तेव्हापासून सारखे मनात येते.

घटना_वाचक

ताई, त्यामागे कायदा आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ च्या कलम २५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण असते, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात, आणि त्या काळात इतर विभागांना निर्देश देण्याचे अधिकार त्यांना मिळतात. रोजच्या कामात असा अधिकार त्यांच्याकडे नसतो.

कावेरी_द

निवृत्त_उपअभियंता काका, पुनर्भरणीची रक्कम थेट त्याच रस्त्याच्या नावाने वेगळी ठेवता येणार नाही का?

निवृत्त_उपअभियंता

कावेरीताई, याहून सोपा मार्ग असा की खणणाऱ्या खात्याच्या निविदेतच रस्ता पूर्ववत करण्याची बाब घालायची, आणि रस्त्याच्या मालक खात्याच्या अभियंत्याने ‘काम समाधानकारक’ असे लिहून दिल्याशिवाय अंतिम देयक द्यायचे नाही. मी दोन ठिकाणी असे करून घेतले होते आणि दोन्ही ठिकाणी चर नीट भरले गेले.

लाईनमनची_लेक

मी धागाकर्तीच्या सूचनेशी असहमत आहे, आणि त्याचे कारण घरातले आहे. माझे वडील तीस वर्षे तारमार्गावर काम करत होते. काम सुरू करण्यापूर्वी उपकेंद्रातून ‘परमिट’ घ्यायचे, म्हणजे वाहिनी बंद केल्याची लेखी खात्री घ्यायची, आणि मग खांबावर चढायचे. दुसऱ्या खात्याच्या घाईपायी कोणी ‘जरा लवकर चढा’ म्हणाले तर ते सरळ नकार देत. आई मात्र ते घरी येईपर्यंत जेवत नसे. वीज हे खाते असे आहे की त्यात एक चूक झाली तर माणूस जातो. अशा खात्याच्या मंत्र्याला रस्त्यांची भूमिपूजने, नळयोजनांची उद्घाटने आणि संगणकीय सेवांचे करार हे सगळे सांभाळायला लावले, तर सुरक्षेच्या साधनांच्या नस्तीकडे पाहायला त्याच्याकडे वेळ कुठून येणार?

शिवाय ऊर्जा खाते एकटेच केवढे आहे, हे लक्षात घ्यावे. विद्युत अधिनियम २००३ नंतर, २००५ मध्ये जुन्या राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा वेगळ्या कंपन्या आणि त्यांच्यावर एक सूत्रधारी कंपनी झाली. एकट्या महावितरणचे ग्राहक तीन कोटींच्या घरात आहेत. अनेकांना वाटते की विजेचा दर मंत्री ठरवतात. दर ठरवण्याचा अधिकार महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचा आहे. सरकार आयोगाला कलम १०८ खाली धोरणात्मक निर्देश देऊ शकते, आणि एखाद्या घटकाला सवलत द्यायची असेल तर कलम ६५ प्रमाणे त्या सवलतीचे पैसे कंपनीला आगाऊ द्यावे लागतात. म्हणजे मंत्र्याचे खरे काम कंपन्यांवर देखरेख ठेवणे, अर्थखात्याकडून पैसे वेळेवर मिळवणे आणि विधिमंडळात उत्तर देणे हे आहे. हे काम पूर्ण वेळेचे आहे.

इझारकाठी (म्युनिक)

लाईनमनची_लेक यांचा मुद्दा मला पटतो, आणि इथे जर्मनीत या प्रयोगाचा एक पूर्ण फेरा माझ्या डोळ्यांसमोर झाला आहे, म्हणून लिहिते.

डिसेंबर २०१३ मध्ये इथल्या संघीय वाहतूक मंत्रालयाला ‘डिजिटल पायाभूत सुविधा’ जोडल्या गेल्या. विचार असा होता की रस्ता, रेल्वे आणि फायबर ही सगळी जाळीच आहेत, तेव्हा जाळ्यांचा मंत्री एक असावा. डोब्रिंट, मग शॉयर, आणि २०२१ पासून विसिंग असे मंत्री झाले. शेवटच्या टप्प्यात तर मंत्रालयाच्या नावात डिजिटल आधी आणि वाहतूक नंतर असे आले. मे २०२५ मध्ये नव्या सरकारने हे वेगळे केले आणि डिजिटल व शासनाच्या आधुनिकीकरणासाठी स्वतंत्र मंत्रालय स्थापून ते उद्योगक्षेत्रातून आलेल्या विल्डबर्गर यांच्याकडे दिले. त्या बारा वर्षांत पूल आणि रेल्वे यांच्याच चर्चेत मंत्र्यांचा बहुतेक वेळ गेला, असे इथे राहणारी नागरिक म्हणून माझे निरीक्षण आहे. वीज तर या मंत्रालयात कधीच नव्हती. ती अर्थव्यवहार मंत्रालयाकडे होती.

तरीही त्या काळातील एक कायदा मला फार उपयोगी वाटतो. २०१६ मध्ये असा नियम झाला की सरकारी पैशाने रस्त्याचे काम निघाले तर गरजेप्रमाणे फायबरसाठी रिकाम्या नळ्या किंवा फायबर त्याच वेळी टाकून ठेवायचे. माझ्या गल्लीत गेल्या वर्षी पदपथ उघडला, तेव्हा दगड एकेक करून काढून बाजूला क्रमाने रचले होते. नळी टाकली, वाळू भरली आणि तेच दगड त्याच जागी परत बसवले.

आणि मुख्य गोष्ट ही की वीज, पाणी, भुयारी रेल्वे आणि फायबर या गोष्टी इथे एकत्र आहेत त्या शहराच्या पातळीवर. म्युनिक शहराच्या मालकीची सेवा कंपनी वीज देते, मांगफाल खोऱ्यातून येणारे पिण्याचे पाणी पुरवते, तिची उपकंपनी भुयारी रेल्वे, ट्राम आणि बस चालवते आणि दुसरी एक उपकंपनी इंटरनेट देते. वरच्या पातळीवर ही सगळी खाती विभागलेली आहेत, पण जमिनीखालचा नकाशा एका घरात आहे.

मोकाचा_रहिवासी (मॉरिशस)

मी नोकरीनिमित्त सहा वर्षांपूर्वी मॉरिशसला आलो. इथे मराठी समाज पिढ्यानपिढ्या राहतो, गणेशोत्सव मोठ्या श्रद्धेने होतो, आणि घरात क्रिओल बोलणारी मंडळीही आरती मराठीतच म्हणतात.

इथे ‘ऊर्जा व सार्वजनिक उपयोगिता’ असे एकच मंत्रालय आहे. वीज मंडळ, पाणी प्राधिकरण आणि सांडपाणी प्राधिकरण या तिन्ही संस्था त्याच्याखाली येतात, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पॅट्रिक असिरवाडेन हे त्याचे मंत्री आहेत. रस्ते व राष्ट्रीय पायाभूत सुविधा आणि माहिती तंत्रज्ञान ही मंत्रालये मात्र वेगळी आहेत. एकत्र असल्याचा फायदा असा की उत्तर कोणी द्यायचे याबद्दल संशय राहत नाही. वीज आणि पाणी या दोन्ही विषयांवर संसदेत एकाच व्यक्तीला उभे राहावे लागते.

मात्र एक मंत्री असूनही दोन सेवांचा दर्जा सारखा नाही. वीज माझ्या घरी क्वचितच जाते, पण पाण्याच्या बाबतीत देशाच्या अनेक भागांत चोवीस तास पुरवठा नाही, आणि पाऊस लांबला की वेळा आणखी कमी होतात. घरोघरी छतावर टाक्या आहेत. पाण्याचे दुखणे जुन्या वाहिन्यांतील गळतीचे आणि साठवणुकीचे आहे. ते मंत्रालयाच्या पाटीने बरे होत नाही. शिवाय संपूर्ण देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या छोट्या जिल्ह्याएवढी. महाराष्ट्राच्या मंत्र्याशी याची तुलना करण्यापेक्षा जिल्ह्याच्या पातळीशी करावी, असे सुचवतो.

माजी_सरपंच_काका

मोकाच्या रहिवाशांनी शेवटच्या वाक्यात माझ्या मनातले लिहिले.

धागाकर्तीने विचारलेला मंत्री आपल्याकडे आधीपासूनच आहे. तो म्हणजे पालकमंत्री. महाराष्ट्र जिल्हा नियोजन समिती अधिनियम १९९८ प्रमाणे जिल्ह्याचे प्रभारी मंत्री समितीचे अध्यक्ष असतात आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव. जिल्हा परिषदेचे व नगरपालिकांचे निवडून आलेले सदस्य समितीत असतात. बांधकाम, पाणीपुरवठा, वीज कंपनी, जिल्हा परिषद या सगळ्यांचे अधिकारी त्या एका सभागृहात समोरासमोर बसलेले असतात. माझ्या कार्यकाळात मी दोन वेळा त्या सभेला प्रेक्षक म्हणून बसलो आहे. प्रत्येक खात्याचा अधिकारी उभा राहून आपला खर्च किती टक्के झाला ते सांगतो, मंत्री विचारतात की उरलेला निधी मार्चअखेर खर्च होईल का, आणि पुढचे खाते उभे राहते. ‘तुमचा चर आणि यांचा रस्ता एकाच गावात, एकाच वर्षी आहे का?’ हा प्रश्न मी तिथे कोणाला विचारताना ऐकला नाही. विचारला असता तर उत्तर त्याच खोलीत मिळाले असते, कारण उत्तर देणारे सगळे तिथेच बसले होते.

७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी, रस्ते आणि ग्रामीण विद्युतीकरण हे तिन्ही विषय पंचायतींसाठी लिहिलेले आहेत. ग्रामसभेला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.

कावेरी_द

काकांचे म्हणणे योग्य आहे, पण पालकमंत्रिपदावर एवढा भार टाकताना मला काळजी वाटते. संविधानात या पदाचा उल्लेख नाही, आणि नियुक्ती राजकीय समजुतीवर अवलंबून असते. जानेवारी २०२५ मध्ये रायगड आणि नाशिक या दोन जिल्ह्यांच्या नियुक्त्यांना जाहीर झाल्यावर दुसऱ्याच दिवशी स्थगिती मिळाली. ज्या जिल्ह्यात पालकमंत्रीच ठरत नाही, तिथे खात्यांची सांगड कोणी घालायची? जो पर्याय व्यक्तीवर अवलंबून आहे, तो त्या व्यक्तीसोबतच थांबतो.

माजी_सरपंच_काका

कावेरीताई, तुमची काळजी रास्त आहे. म्हणूनच ते विचारणे सचिवाच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यपद्धतीत बसवायला हवे. मंत्री बदलला तरी कागदाचा नमुना बदलत नाही.

नकाशा_आणि_मी

या संदर्भात दोन गोष्टी नोंदवतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने पीएम गतिशक्ती राष्ट्रीय बृहत् आराखडा सुरू केला. त्यात रस्ते, रेल्वे, वीजवाहिन्या, दूरसंचार यांचे नकाशे एकावर एक थर ठेवून पाहता येतील अशी मांडणी आहे. त्यानंतर २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप आले. खोदणाऱ्याने जागा आणि वेळ नोंदवली की त्या भागात ज्यांच्या केबल वा वाहिन्या आहेत त्यांना सूचना जाते. मी भूमापनाच्या क्षेत्रात काम करतो, आणि एका मंत्र्याच्या नेमणुकीपेक्षा मला या दोन साधनांकडून अधिक आशा आहे.

निवृत्त_उपअभियंता

साधन चांगलेच आहे. मात्र नकाशात नोंद असेल तरच सूचना जाते. गावातील पाणीवाहिन्यांच्या जागा आजही कित्येक ठिकाणी पाणीपुरवठा कर्मचाऱ्याच्या डोक्यात असतात. आमच्याकडे एक कर्मचारी होता, तो काठी आपटत चालायचा आणि ‘इथे वाकण आहे’, म्हणजे पाइपचे वळण आहे, म्हणून सांगायचा, आणि उकरले की वाकण तिथेच निघायचे. तो निवृत्त झाला आणि गावाचा नकाशा त्याच्याबरोबर गेला. जलजीवन मिशनची सुरुवात २०१९ मध्ये झाली. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात पोहोचवणाऱ्या या योजनेने गावोगाव नव्या वाहिन्या टाकल्या आहेत. चर उघडे असताना जर प्रत्येक वाकणाचे आणि झडपेचे स्थान मोबाइलवर टिपून ठेवले गेले असेल, तर पुढच्या पन्नास वर्षांचे काम झाले. टिपले नसेल, तर पुन्हा काठी आली.

सुपारीची_बाग

काका, तुमचे शेवटचे वाक्य वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे वादळानंतर गाडलेल्या झडपा शोधायला गावातील वृद्ध मंडळीच पुढे आली होती.

चाळीतला_मुंबईकर

शहराचा अनुभवही थोडक्यात नोंदवतो. एकट्या मुंबईत बेस्ट, टाटा, अदानी आणि मुलुंड-भांडुपकडे महावितरण असे वीज वितरणाचे चार पुरवठादार आहेत, रस्ते पालिकेचे, आणि मेट्रो वगैरेसाठी आणखी प्राधिकरणे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी महानगराची वीज एकाच वेळी गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि या सगळ्या यंत्रणा एका पारेषण जाळ्यावर कशा उभ्या आहेत हे कळले. चौघांचा मंत्री एक असता तरी त्या दिवशी वीज गेलीच असती. पण दुसऱ्या दिवशी नागरिकाने प्रश्न कोणाला विचारायचा, हे स्पष्ट असते तर बरे झाले असते.

लाईनमनची_लेक

सर्वांचे लिखाण वाचून माझे मत थोडे बदलले आहे. खाती वेगळी असावीत यावर मी ठाम आहे, पण चर खणण्याआधी चारही खात्यांच्या माणसांची सही एका कागदावर असावी, हे मला मान्य आहे. वडिलांना विचारले. ते म्हणाले, ‘परमिटसारखेच करा. परमिट हातात असल्याशिवाय आम्ही खांबाला हात लावत नव्हतो, यांनीही फावडे लावू नये.’

बांधावरची (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाचे उत्तर मला आता असे दिसते की चारही खाती एकाच मंत्र्याकडे दिल्याने आमचा रस्ता वाचला नसता. मंत्रालयाच्या मजल्यावर कोण बसते यापेक्षा तो चर बुजवण्यापूर्वी कोण खाली वाकून बघते, हे आमच्यासाठी महत्त्वाचे होते. तरीही मंत्र्याला मी मोकळे सोडणार नाही. चाळीतला_मुंबईकर म्हणतात तसे उत्तर देणारा कोणीतरी हवाच. माझ्या आमदारांना मी विनंती करणार आहे की त्यांनी याच विषयावर तारांकित प्रश्न विचारावा, आणि तो बांधकाम, पाणीपुरवठा, ऊर्जा आणि माहिती तंत्रज्ञान या चारही मंत्र्यांना एकाच मजकुराने विचारावा, म्हणजे चार उत्तरे शेजारी ठेवून वाचता येतील.

निवृत्त_उपअभियंता काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे कागद पुन्हा काढून पाहिले. केबलच्या कामाच्या मोजमापात आमच्या गावाच्या हद्दीत सर्वत्र खोली १.६५ मीटर लिहिलेली आहे. जिथे ती तुटली ती जागा मी स्वतः पट्टीने मोजली होती. केबल ७० सेंटीमीटरवर होती, आणि तिथे खडक नाही, काळी माती आहे.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडायचा आहे. ठरावाचा मसुदा कसा असावा?

निवृत्त_उपअभियंता

मसुदा लहान ठेवा. गावहद्दीतील रस्त्याचा आडवा छेद एका कागदावर काढा: मध्ये डांबर, दोन्ही बाजूंना साईडपट्टी, डावीकडे कडेपासून किती अंतरावर आणि किती खोल पाणी, उजवीकडे किती खोल केबल, खांबांची रेघ कुठे. त्याखाली चार सह्यांची जागा ठेवा. ठरावात एवढेच लिहा की या कागदावर सह्या झाल्याशिवाय आणि चर उघडा असताना ग्रामपंचायतीच्या माणसासमोर खोली मोजल्याशिवाय ग्रामपंचायत आपले ना-हरकत पत्र देणार नाही. ७० सेंटीमीटरचे छायाचित्र पट्टीसह ठरावाला जोडा, तारीख दिसेल असे.

माजी_सरपंच_काका

आणि ठरावाची एक प्रत जिल्हा नियोजन समितीच्या सदस्य सचिवांना पोहोच घेऊन द्या. आवक क्रमांक लिहून घ्यायला विसरू नका.

बांधावरची (धागाकर्ती)

होय काका. ग्रामसभा २६ तारखेला आहे. आडवा छेद आज रात्री काढते आणि उद्या इथे टाकते, चूक असेल तर सांगा.